टँकरच्या रांगेतला प्रश्न

मंगळवार, केज

संशोधनासाठी मी 'अ' तुकडीला इंग्रजी व्याकरणाचे नियम शिकवते. 'ब' तुकडीला नियम न सांगता नुसतं बोलायला लावते. आज टँकरच्या रांगेत पाहते, तर 'अ'मधली शबाना घागर बाजूला ठेवून 'ब'मधल्या सुमनला मातीत काडीनं तेच नियम समजावतेय. आता तुलना कशाची करू?

सुमन म्हणाली, "बाई, आमाला हे कावून न्हाई शिकवलं?"

मुद्दामच, हे कसं सांगू? आणि हा प्रयोग थांबवू तरी कसा? आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन. प्रयोग यशस्वी झाल्याचं त्यांनी कारखान्याच्या सभेत सांगूनही टाकलंय.

मी एवढंच म्हणाले, "घागर पुढं सरकव."

तिनं सरकवली. तिच्यामागं माझीच घागर होती. रांग सोडून जाताही येईना.