नव्या कोचबाई आणि दहीसाखर

मिल्टन कीन्स,
१८ सप्टेंबर २००६

चि. दीनानाथ यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तुला काही सांगण्यात आता अर्थ उरलेला नाही. परवा मी नीनाबद्दल बोलत होते आणि तू मला तुझ्या टोमॅटोंची हकीकत सांगत होतास. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये ठेवून ऐकू येत नसतं. म्हणून हे पत्र. ई-मेल मी लिहिणार नाही, ते आमच्या चिरंजीवांनी, अनिशनं, मला दहा वेळा सुचवून झालंय.

आमच्या सूनबाई आता फुटबॉलच्या कोच झाल्या आहेत. कॉलेजात गणित शिकवते तेवढं पुरेसं होतं, पण नाही. तिथले जुने कोच मिस्टर हॉब्स गुडघे बदलून घेऊन कॉर्नवॉलला राहायला गेले. त्यांच्या काळात टीमनं काऊंटी कप जिंकला होता, आणि इथल्या लोकांना त्या कपाशिवाय दुसरी आठवणच नाही. जागा रिकामी झाली, कुणी पुढे येईना. नीना पुण्याला युनिव्हर्सिटीकडून खेळलेली, इथे कोचिंगचा कोर्सही केलेला. तिनं हात वर केला. प्रिन्सिपॉलबाईंनी सांगितलं की यंदा काऊंटी कप आणला तर पद कायम, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू. हॉब्सना अशी अट कुणी घातली होती का? विचार तू!

तुला वाटत असेल, कॉलेजची मॅच बघायला कोण येणार. अरे, सगळे येतात. आईबाप, टक्कल पडलेले माजी विद्यार्थी, कॅन्टीनमधल्या बायका. घडीच्या खुर्च्या, फ्लास्क, हिरवेपांढरे स्कार्फ. पहिल्याच मॅचला आपण तीन-शून्य हरलो. मी रेडवेच्या, म्हणजे इथल्या लाल सायकलवाटेच्या, कडेला गाडी लावून काच खाली करून बसले होते. टकर नावाचा एक गृहस्थ आहे, बॉयलर दुरुस्त करतो. त्याचा डॅनी टीमचा सेंटर फॉरवर्ड. हा टकर सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होता की आता कोचबाई पोरांकडून पाढे म्हणून घेणार का. मी तोंड उघडणार नाही असं नीनानं माझ्याकडून वदवून घेतलं होतं, म्हणून तो वाचला. मी आयुष्यभर हॉस्पिटलात लोकांना भूल दिली आहे. त्या माणसाला गप्प करायला किती डोस लागेल याचा हिशेब मी बसल्या जागी केला.

बीपीच्या गोळ्या वेळेवर घे. लोभ आहेच; टोमॅटोंपेक्षा थोडा जास्त माझ्यावर असू दे.

तुझी,
ताई

क्रॉयडन,
२७ सप्टेंबर २००६

ती. ताईस,
दीनानाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. टोमॅटो बरे आहेत, तुझी चौकशी करतात.

तुझा संताप वाचून गंमत वाटली. मे महिन्यात नीनानं हा विषय काढला तेव्हा हीच तू मला फोनवर म्हणत होतीस की शिकलेल्या मुलीनं चिखलात उभं राहून शिट्ट्या मारायच्या हे काही खरं नाही. (तेव्हा मला ऐकू येत होतं.) आता टकरसाहेब तेच म्हणाले तर तू डोस मोजायला लागलीस. आधी तुझा पक्ष कोणता ते ठरव.

त्या लोकांचंही फार मनाला लावून घेऊ नको. नवा कोच आणि नवी सून यांचं सारखंच असतं. आमटी चांगली झाली तरी पहिला घास घेऊन सगळे म्हणणार की पूर्वीची चव नाही. नीनाच्या पहिल्या आमटीला तू काय म्हणाली होतीस, ते अनिशला विचार. मी पत्रात लिहीत नाही.

मुलीला माझा आशीर्वाद सांग. धाकट्या भावावरचा राग पुढच्या पत्रापर्यंत उतरवावा, ही विनंती.

तुझा,
दीनानाथ

मिल्टन कीन्स,
२३ नोव्हेंबर २००६

चि. दीनानाथ यास,
अ. आ.; या वेळी ‘उत्तम’ गाळलंय, कारण तुला ठाऊक आहे. आमटीत मीठ कमी होतं. मी एवढंच म्हटलं होतं, आणि ते कमीच होतं.

इथे रण पेटलंय. लीगमध्ये आणखी दोन मॅच हरलो. त्यात नीनानं डॅनी टकरला फॉरवर्डवरून काढून बचावफळीत उभं केलं. हॉब्सच्या वेळची रीत अशी की बॉल आकाशात उडवायचा आणि उंच पोरानं तो डोक्यानं गोलमध्ये ढकलायचा. नीना म्हणते, बॉल जमिनीवर ठेवा, एकमेकांना द्या, आणि उंच पोरगा मागे हवा, कारण समोरचेही बॉल आकाशातच उडवतात. मला पटलं. मंडळींना नाही पटलं. टकरच्या पुढाकारानं चारपाच जण प्रिन्सिपॉलबाईंना भेटून आले की फायनल होईपर्यंत, म्हणजे इस्टरपर्यंत, कशाला थांबता, आत्ताच बदला. बाईंनी ऐकून घेतलं, अट तीच ठेवली. म्हणजे कपाच्या मॅचेसमध्ये एकदा हरलं की संपलं.

काल कपाची पहिली मॅच होती. नीना सकाळी घाईत काही न खाता निघाली. एवढ्या मोठ्या कामाला मुलगी तशीच गेली म्हणून माझा जीव थाऱ्यावर राहीना. मग डब्यात दहीसाखर घेतली आणि मैदानावर जाऊन तिच्या हातावर चमचाभर घातली. हसू नकोस. माझा विश्वास नाही, पण तुम्हां सगळ्यांना मेडिकलच्या परीक्षेला मीच दिलं होतं की नाही? गोलकीपरनं बघितलं आणि विचारलं हे काय. मी म्हटलं, महत्त्वाच्या कामाला निघताना आमच्याकडे हे हातावर घेतात. त्यानंही हात पुढे केला. मग सगळ्या टीमनं रांग लावली. एकच चमचा होता, डॉक्टर असून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

दोन-एकनं जिंकलो! टकरनं टाळी वाजवली नाही, पण स्कार्फही काढला नाही.

थंडी पडली आहे, मफलर बांध. टोमणे कमी, पत्रं जास्त, एवढी माया राहू दे.

तुझी,
ताई

मिल्टन कीन्स,
५ मार्च २००७

ती. मामांस,
नीनाचा सा. न. वि. वि.

आई फ्लूनं झोपून आहेत, काळजीचं काही नाही. आज तपासायला घरी आलेल्या नर्सला सलाइन लावायची पद्धत शिकवत होत्या, त्यावरून तब्येतीचा अंदाज यावा. त्यांनी तुम्हाला जे लिहिलं नसेल ते मी लिहिते.

क्वार्टर फायनलला आम्ही एक गोलनं मागे होतो. मिस्टर टकर ओरडले की कोचनं आता आपल्या घरी जावं. ‘घरी’चा अर्थ सगळ्यांना कळला. मी वळायच्या आत आई गाडीतून उतरून त्यांच्यासमोर उभ्या होत्या. आवाज अजिबात चढवला नाही. ते त्यांचं कॉन्व्हेंटचं इंग्लिश, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. म्हणाल्या की हिचं घर पलीकडच्या दुसऱ्या राउंडअबाउटला आहे, मॅच संपली की ती तिथेच जाणार आहे, आणि महिन्याभरानं कप घेऊन जाणार आहे.

मग म्हणाल्या की नागपूरला त्या स्वतः हॉकीत सेंटर फॉरवर्ड होत्या आणि सिस्टर बर्नाडेटनं त्यांना मागे आणलं, तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. पण मागे उभं राहिल्यावर अख्खं मैदान पहिल्यांदा दिसलं. तुम्ही सगळा सीझन बॉलकडे बघताय, पुढची दहा मिनिटं फक्त आपल्या मुलाकडे बघा, असं त्यांनी सांगितलं.

मामा, ते खरंच बघायला लागले. डॅनीनं त्या दहा मिनिटांत तीन वेळा बॉल काढून घेतला. मागून पोरांना कुठे उभं राहायचं ते सांगत होता. घरी तो फारसा बोलत नाही म्हणे. आम्ही जिंकलो.

परवा सेमीफायनलला आई नव्हत्या. पोरं अस्वस्थ. तेवढ्यात मिस्टर टकर व्हॅनमधून स्ट्रॉबेरी योगर्टचं मोठं पॅक आणि साखरेची पिशवी घेऊन आले आणि कोणत्या हातावर घ्यायचं ते पोरांना दरडावून सांगू लागले. पेनल्टीजवर सुटलो. आईंना सांगितलं तर आनंदाआधी स्ट्रॉबेरीवर चिडल्या.

आता फायनल. आईंसमोर मी हसते, पण तुम्हाला सांगते, मला हे काम फार हवंय. वर्गात पोरं घड्याळाकडे बघतात. मैदानावर माझ्याकडे बघतात. एका मॅचनं हे जाईल या विचारानं रात्री उठून मी टीमच्या याद्या करत बसते.

आशीर्वाद द्यावा, तो कानाच्या मशीनशिवायही पोचेल.

आपली,
नीना

क्रॉयडन,
१२ मार्च २००७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे मला फायनलला येता येत नाही, याचं मशीन बसवण्यापेक्षा जास्त दुःख आहे. सगळं सविस्तर लिही.

सिस्टर बर्नाडेटची गोष्ट समजली. मी तेव्हा कुंपणावर बसून बघत होतो. दोन दिवस जेवली नाहीस हे खरं, पण माझ्या वाटणीचे लाडू गेले होते हेही टकरला सांगायला हवं होतंस.

सेंटर फॉरवर्डला आणि तिच्या सुनेला, दोघींना यश येवो. मी इथे पट्टी बांधलेल्या डोळ्यानं वाट बघतो. तेवढा जीव लावून लगेच कळव.

तुझा,
दीनानाथ

मिल्टन कीन्स,
२२ मार्च २००७

चि. दीनानाथ यास,
अ. उ. आ., आणि या वेळी ‘उत्तम’ दोनदा वाच.

जिंकलो! एक-शून्य! लाडूंचं नंतर बघू.

काल बुधवारी शेजारच्या गावच्या कॉलेजशी फायनल होती. पाडव्याला घट्ट दही लावून ठेवलं होतं, मोठा डबा भरून नेला. टीमचं घेऊन झालं तर मागे सगळा स्कार्फवाला जमाव हात पुढे करून उभा, टक्कलवाल्यांसकट. टकरनं तर नियम करून ठेवले होते, उजवाच हात, चाटून घ्यायचं, पुसायचं नाही. शेवटी नीना आली. तिला मी दोन चमचे दिले आणि म्हटलं, आज आमटीत मीठ बरोबर आहे. ती एवढी हसली की हातातली शिट्टी पडली.

वारा असा की वर उडवलेला बॉल परत येत होता. समोरचे तरी वरूनच मारत राहिले, आपली पोरं मात्र जमिनीवर. सहा पायांतून फिरून बॉल गोलमध्ये गेला तेव्हा मी उठून काय ओरडले ते अनिश सांगेल, ते कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नाहीत. शेवटी शेवटी आपला गोलकीपर पुढे गेलेला, आणि बॉल रिकाम्या गोलकडे निघाला. माझ्या शेजारी टकर बॉलकडे बघतच नव्हता, पोराकडे बघत होता. डॅनी कुठून आला देव जाणे, रेषेवरून डोक्यानं बॉल बाहेर काढला आणि स्वतः गोलच्या खांबावर आपटला. नाकातून रक्त, तरी उठून उभा. रेफ्रीनं शेवटची शिट्टी वाजवली.

टकर माझ्याकडे वळला. टोपी काढली आणि तिनंच डोळे पुसायला लागला. शेवटी भुलीशिवायच गप्प झाला. मी त्याला माझा रुमाल दिला. डॅनीचं नाक मी तपासलं, मोडलेलं नाही.

प्रिन्सिपॉलबाईंनी तिथेच सगळ्यांसमोर जाहीर केलं, नीना कायम. टाळ्या सर्वांत आधी टकरनं सुरू केल्या. नीना चिखलातून धावत आली ती माझ्या गळ्यात पडली. माझा चांगला कोट गेला. गेला तर गेला.

पण माणसांना समाधान नाहीच. गाडीकडे जाईपर्यंत माजी मंडळी सुरू झाली होती, पुढच्या वर्षी कपाबरोबर लीगही हवी, आणि एकच गोल का. मी थांबून सांगितलं की हॉब्सना लीग कधी मिळाली होती ते सांगा, मग बोलू. तर टकर माझ्याआधी त्यांच्या अंगावर गेला. माणूस सुधारतोय.

कप या आठवड्यात आमच्याकडे आहे. चांगला मोठा, खोल, आतून लखलखीत. रविवारी सगळी टीम आणि टकर कुटुंब जेवायला येणार, आणि एवढ्या लोकांना पुरेल असं भांडं घरात नाही. कप नीट उकळत्या पाण्यानं धुऊन मी त्यात दही लावलंय. नीनानं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वरून झाकण ठेवलं.

डोळ्याची पट्टी निघाली असेल तर तूही ये. साखर संपली आहे, ती घेऊन ये. मशीन कानात घालून ये, म्हणजे लोभ तोंडी सांगता येईल.

तुझी,
ताई