मधली सोळा पानं

३ जून

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं, पण खोक्यावर नाव तुमच्या जावयांचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, एवढ्या काळात तुमच्या अक्षरात माझ्याखेरीज कुणाचं नाव आलं नव्हतं. पोस्टमन चुकला असं समजून मी खोकं परतच करत होते.

यांचं प्लास्टर अजून तीन आठवडे आहे. वीस मजली इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडला, हे कुणाला सांगू नका म्हणतात. पडून पडून कंटाळले तेव्हा मीच म्हटलं होतं की माझ्या कपाटातलं काहीतरी वाचा. कुठून बुद्धी झाली असं आता वाटतं. लिफ्टच्या माहितीपुस्तकापलीकडे कधी न गेलेला माणूस जेवतानाही पुस्तक मिटत नाही. आधी बोटीवरच्या खानसाम्याची कादंबरी झाली, आता तुम्ही पाठवलेली धरणाची, तीही दोन खंडांची. ती तुम्ही मला कधी सुचवली नव्हतीत.

माझं वाचन जोरात आहे. औषधाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकांची मुद्रितं तपासायचा अख्खा विभाग आता माझ्याकडे असला, तरी मी वेळ काढते. खानसाम्याची कादंबरी किती आवडली ते हिवाळ्यात लिहिलंच होतं. यंदा बारा जाडजूड कादंबऱ्यांचा बेत आहे. यादी जोडली आहे, शेरा मारून पाठवा.

लोभ पूर्वीइतकाच आणि एकटीवरच असावा.
तुमची,
वाळवी

११ जून

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

यादी पाहिली. बारा फार होतात गं. एकच घे, पण सावकाश वाच.

दुकानात अजून रोज दोन तास बसतो. घड्याळं कमी येतात, गप्पा मारणारे जास्त. दीड वर्षाची असताना तू याच टेबलावर घड्याळांच्या कॅटलॉगचा कोपरा चावून खाल्लास आणि नाव कमावलंस, हे काल एका गिऱ्हाइकाला सांगत होतो.

जावईबापूंना सांग की पाय उंचावर ठेवा. तुझे डोळे दुखतात का? झोप लागते का? त्याबद्दल तू काही लिहीत नाहीस.

लोभ आहे, तो मोजत बसू नकोस.
नाना

२० जून

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

मला तुम्ही अकरा ओळी लिहिल्यात. मोजल्या. त्याच टपालानं यांना पाकीट आलं, ते इतकं फुगलेलं की कडेनं फाटलं होतं. आत तुमच्या मुंगीसारख्या अक्षरातले कागदच कागद. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, ते नानांचं आणि माझं आहे, आणि उशीखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर हे डोळे पुसत होते. मला बघून म्हणाले, कांदा चिरला. कुबड्या घेऊन कोण कांदा चिरतं?

नाना, तुम्ही मला मांडीवर घेऊन अक्षरं शिकवलीत. एक कादंबरी दोघांनी वाचायची आणि पत्रातून भांडायचं, हे आपलं दोघांचं होतं. काल पाय मोडलेला माणूस येतो आणि माझ्या पाटावर बसतो. ते चांगले आहेत, तक्रार नाही. तरीही ते पान उलटतात तो आवाज आला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हे लिहितानाही लाज वाटते, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

जावयापुढे लेक परकी झाली असेल तर तसं स्पष्ट लिहा.
वाळवी

२१ जून

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

धरणाचा दुसरा खंड घरातून गेला. दोनशे दहाव्या पानावर होतो, मुकादम पाणी सोडणार की नाही तिथे. सगळं घर एका पायावर शोधलं. मग लक्षात आलं की काल हिची ऑफिसची पिशवी जड होती. बहुधा तिथल्या ड्रॉवरमध्ये कुलपात असेल. मी विचारलं नाही. विचारलं तर ती रडेल आणि मग मला खरं सांगावं लागेल.

नाना, तुम्हाला दिलेला शब्द पाळणं आता जड जातंय. ती समजते की तुम्ही तिला सोडून मला धरलंत. खरं काय ते तुम्हीच लिहा. माझ्या तोंडून गेलं तर नवऱ्यानं चोरी पकडली असं होईल, आणि मला ते नको आहे.

प्लास्टर बुधवारी निघेल. आपली कृपादृष्टी आहेच.
आपला,
जावई

२७ जून

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

बसून वाच. जावईबापूंनी मला पहिलं पत्र मे महिन्यात लिहिलं. खानसाम्याच्या कादंबरीत एकशे बाराव्या पानावर खानसामा मासे साफ करतो आहे, आणि समोरच्याच पानावर त्याची बायको त्याचे कपडे विकते आहे, ते एकशे एकोणतिसावं पान. मधे काय झालं, असं त्यांनी विचारलं होतं. पुस्तक बांधणाऱ्यानं अख्खी सोळा पानं गाळली होती. मी तुझ्यासाठी प्रत घेतली ती न चाळताच पाठवली, तो माझा गाढवपणा. माझी प्रत धड होती. तिच्यातून ती पानं हातानं उतरवून काढली. फुगलेलं पाकीट ते. त्या सोळा पानांत खानसामा बुडतो, म्हणून जावईबापूंचे डोळे ओले.

मग मी तुझं हिवाळ्यातलं पत्र काढलं. खानसामा शेवटी सुखरूप घरी येतो ते वाचून फार बरं वाटलं, असं तू लिहिलं होतंस.

बाळे, मी रागावलो नाही. घाबरलो. जावयांना लिहून तुझी चौकशी केली आणि तुला सांगू नका म्हटलं. त्यांनी कळवलं की तू मांडीवर पुस्तक घेतेस आणि भिंतीकडे बघत बसतेस.

आणि एक खरं सांगतो. त्यांच्या पत्राची मी आता वाट बघतो. वेडेवाकडे प्रश्न विचारतात, मजा येते. तुझी पत्रं पेपर तपासून घेतल्यासारखी चोख असायची. ती वाचताना माझी लेक कुठे सापडत नव्हती.

लोभ कमी झाला असता तर या वयात सोळा पानं उतरवली नसती.
नाना

५ जुलै

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

तीन दिवस तुमचा राग आला, मग माझा. दोन वर्षांत एकही कादंबरी पुरी केलेली नाही. विभाग माझ्याकडे आल्यापासून दिवसभर दोन गोळ्या की तीन हे बघते, आणि संध्याकाळी छापलेलं काही समोर आलं की त्यात चूकच शोधते. मलपृष्ठावरचा मजकूर आणि शेजारच्या टेबलावरच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या बाईंच्या गप्पा, यांवर तुम्हाला पत्रं लिहिली. वाचत नाही म्हटलं तर तुम्ही मला लिहाल कशाला, असं वाटायचं. मग यांना लिहू लागलात तेव्हा वाटलं, झालं, तेच झालं.

दुसरा खंड परत आणून उशाशी ठेवला. यांनी पलंगावर सरकून जागा केली. तुमची सोळा पानं मी मागून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात वाचायला बसले. पहिल्याच पानावर दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत तुमचे. लाल पेन्सिल हातात होती, ती खाली ठेवली. चौथ्या पानाला सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी मी उठले नव्हते.

बारांची यादी फाडली. रोज सुट्टीत खानसाम्याची तेवढी एकच कादंबरी आहे, पहिल्या पानापासून. यांना तुम्ही खुशाल लिहा, पण माझ्यापेक्षा एक ओळ कमी. अजून जळते, उगाच मोठेपणा मिरवत नाही. पाकिटात दोघांना वेगवेगळे कागद घाला.

मी एकतिसाव्या पानावर आहे. तो बुडतो एवढं कळलंय, आणखी पुढचं काही सांगू नका. एकतीसपर्यंतचं मात्र काहीही विचारा.

तुमची,
वाळवी