मान वळवली तेव्हा

प्रिय बारके,

तुझा कार्यक्रम आम्ही घरबसल्या पाहिला. तू पाठवलेला व्हीआर चष्मा आईच्या डोळ्यांवर बांधला, तर म्हणाली, "झापडं लावून मला कुठे जुंपतोयस?" मग तुमचा वाद्यवृंद सुरू झाला आणि ती पुढे सरकून बसली. कॅमेरा रंगमंचावर, तुम्हा वादकांच्या मधोमध. मान वळवू तिकडचं दिसतं, तिकडचंच जवळून ऐकू येतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर जिना न उतरलेली आई जणू तुझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसली होती.

तिची मान मात्र सारखी डावीकडे. मी म्हटलं, "आई, गायिका समोर आहे." म्हणाली, "असू दे. ती काय माझी मुलगी आहे?" मध्यंतरात चष्मा काढला तेव्हा कपाळावर वळ उमटला होता. "आता तू बघ," एवढंच बोलली आणि आत जाऊन पडली.

मीही डावीकडे वळलो. आधी नुसतं छान वाटलं. तुझ्या कानामागची पांढरी बट दिसली, केस रंगवायचं सोडलंस वाटतं. मग वादनात एक भरधाव लयीची जागा आली. तुझ्या शेजारणीचं व्हायोलिन माझ्या कानाशी वाजत होतं, तुझं नव्हतं. तुझा गज सगळ्यांबरोबर वरखाली होत होता, पण तारांना टेकत नव्हता. जरा उसंत मिळाली की डावा हात काखेत दाबून धरायचीस, आणि चेहरा हसरा. सभागृहातून हे कुणाला दिसलं नसेल.

मी पडलो मुद्रितशोधक, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा. आधी माझ्याच नजरेला दोष दिला. नंतर दुसरंच टोचू लागलं. तू जे लपवलंस, ते असं खेटून बसून बघायचा मला काय अधिकार? आम्ही कुठे बघतोय हे तुला कळायला मार्गही नव्हता. फोन केला तर "काही नाही रे दादा" म्हणून मला हसवशील आणि ठेवून देशील, म्हणून लिहायला बसलो.

आणि आज लिहिणं भाग आहे, कारण हे चित्रण महिनाअखेरीस सगळ्यांसाठी खुलं होणार असं शेवटी चष्म्यातच झळकलं. जो मान वळवेल त्याला दिसेल. त्याआधी तुमच्या संचालकांना तू स्वतः हाताचं सांग. तुझी जागा जाणार नाही असा खोटा धीर मी देत नाही, कदाचित जाईलही. पण तू सांगितलंस तर ते दुखणं असेल, दुसऱ्या कुणी दाखवलं तर लबाडी ठरेल. डॉक्टरकडेही जाऊ. तुला विचारल्याशिवाय यावं की नाही, याचा मी दोन दिवस घोळ घालत बसलो होतो. आईने काल माझी बॅग भरून दाराशी ठेवली. तेव्हा शनिवारी पोचतो.

तू कितीही मोठी झालीस तरी तुझाच,
दादा