विशूचं वैराग्य

चौसाळा,
५ डिसेंबर २०२४

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

ती. उज्ज्वलाताईंना गंगासागरचा सा. न. वि. वि.

तुमचे धाकटे बंधू आता साधू व्हायला निघालेत! दिवाळीपासून बोलणं जवळजवळ बंद. अर्ध्या भाकरीवर उठतात, पहाटेपासून देवघरात बसून राहतात. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी लक्ष नसतं. आपल्या विश्वेश्वराला वैराग्य आलं, असं मामंजी गावभर सांगतात. बायका मला भाग्यवान म्हणतात, मीही ऐटीत मिरवते.

एकच खटकतं. परवा त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून देवघरात ठेवलं. माझ्यासारख्याच्या अंगावर देव कशाला, म्हणाले. मामंजी चिडतील म्हणून मी गप्प आहे. सोमवारी ते एकटेच कपिलधारला, स्वामींच्या समाधीला जाणार आहेत.

घरात एकच फोन, तोही त्यांच्या हाताशी असतो, म्हणून पत्र. तुमच्या सासूबाईंचा मोडलेला पाय कसा आहे?

तुमची,
गंगासागर

माजलगाव,
७ डिसेंबर २०२४

चि. सौ. गंगासागर हिस अ. उ. आ.

अगं वेडे, हे वैराग्य नाही! आपल्या लिंगायतांत लिंग मरेपर्यंत गळ्यातून उतरत नाही. भक्ती वाढलेला माणूस ते छातीशी धरेल, स्वतःला नालायक ठरवून काढून ठेवणार नाही. अन्न नको, झोप नको, बोलणं नको, हा आजार आहे. माझ्या जाऊबाईंचं असंच झालं होतं. आम्ही देवाचं म्हणत बसलो आणि त्या जाता जाता वाचल्या.

त्याला एकटं सोडू नकोस. जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का, असं सरळ विचार. विचारल्याने मनात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मग बीडला मनाच्या डॉक्टरांकडे ने. सासूबाई अंथरुणावर आहेत, नाहीतर मीच आले असते. हे पत्र एसटीच्या भागवत ड्रायव्हरकडे देते. मला फार भीती वाटते आहे.

उज्ज्वलाताई

चौसाळा,
१२ डिसेंबर २०२४

ती. ताईंना सा. न.

पत्र सोमवारी सकाळी मिळालं, तेव्हा हे निघून गेले होते. मी मिळेल त्या जीपने कपिलधारच्या वाटेवर मांजरसुंब्याला गेले. फाट्यावरच्या धाब्यात चहा समोर ठेवून बसले होते. शेजारी बसून तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. त्यांनी चहा बाजूला सारला. मग "हाय मनात," म्हणाले.

तिथूनच बीडला गेलो. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या, गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले. तोवर मी किंवा मामंजी, कुणीतरी सतत जवळ असतं. मामंजी फार रडले.

काल मी त्यांना विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "लई वेळा तोंडावर आलतं. पन तू समद्यांला सांगत व्हतीस, माजा नवरा देवमाणूस झाला. मग मी कुनाला सांगू?"

तुमचा लोभ आहेच, आता तो जरा जास्तच लागेल.

तुमची,
गंगासागर