बदक सुखरूप आहे

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात वाकलो आहे). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची दाढ निघाली का? इकडे सगळे ठीक. तू भेट दिलेलं, चोचीत बल्ब धरलेलं दिव्याचं बदकही सुखरूप आहे. हे आपलं सहज लिहिलं. तू बुधवारी येणार आणि चपला काढायच्या आधी बदक बघणार, हे मी जाणतो. मागे तू दिलेल्या टेबलक्लॉथने आम्ही खिडकी पुसली, तर तू तीन वर्षं बोलली नाहीस, तेही विसरलेलो नाही. (अक्षर वाकडं आलं असेल, चष्म्याची हकीकत पुढे आहे.)

ताई, तुझ्या भावजयीचं दुकान फार चालतं गं. तेच दुखणं आहे. लोक घरातल्या नकोशा वस्तू आणून ठेवतात, आम्ही त्या खपवतो, निम्मे पैसे त्यांचे, निम्मे आमचे. हिच्या जिभेवर असं काही आहे की कान तुटलेला कप घेऊन गिऱ्हाईक "कपाटात जागा कमी लागेल" म्हणत हसत जातं. त्यामुळे दुकानात काही म्हणून टिकत नाही. भिंतीला टेकवलेली माझी छत्री गेली. माझी खुर्ची गेली (मी नुसता पाणी प्यायला उठलो होतो). आणि गेल्या आठवड्यात एका बाईंना किंमत वाचता येईना म्हणून मी माझा चष्मा पुढे केला. त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की त्यांनी चष्माच घेतला, आणि हिने दिला! मी आरडाओरडा केला, तर म्हणते, "अहो, गिऱ्हाइकासमोर काय ते, दुसरा करू." तो दुसरा अजून व्हायचा आहे.

फळ्या रिकाम्या पडल्या तशी ही घरातल्या वस्तू नेऊन मांडायला लागली. शनिवारी बदक उचललं. मी म्हटलं, "अगं, ताईचं आहे ते!" म्हणाली, "नुसतं शोभेला ठेवते. ताई यायच्या आत परत आणू. असलं बदक घेतंय कोण!"

पण माझ्या जिवाला घोर. खपू नये म्हणून मी त्याच्यावर कपाटाएवढी किंमत लिहिली. तिथेच घात झाला. एवढं महाग म्हणजे काहीतरी दुर्मीळ असणार, असं शिंप्याला वाटलं. शिंपी बघतोय म्हणून न्हाव्याला वाटलं. घाबरून मी त्यावर टॉवेल टाकला, तर कुणा बड्या माणसासाठी राखून ठेवलंय अशी बोलवा झाली आणि गर्दी दारापर्यंत आली. त्या गर्दीतून मफलर गुंडाळलेला, तोंडात कापसाचा बोळा धरलेला एक माणूस घुसला. त्याने बदक छातीशी धरलं, पैसे हिच्या हातात कोंबले, पावतीपुस्तकात काहीतरी खरडलं, का कोण जाणे माझा हात दाबला आणि पसार झाला. मला नुसता मफलर दिसला.

तेव्हापासून घास उतरत नाही. ताई, पाया पडतो, बुधवारी येऊ नकोस. महिन्याभराने ये, तोवर मी गावभर बदक शोधतो.

तुझा (अजून न खपलेला) धाकटा भाऊ

ता. क. आत्ताच हिने पावतीपुस्तक वाचून दाखवलं. मफलरवाल्याचा पत्ता तुझ्याच घराचा आहे! म्हणजे दाजींची दाढ निघाली म्हणायची. तुझ्या मंगळवारच्या वाढदिवसासाठी घेतलंय, असंही खरडलंय म्हणे. मला ओळखलं म्हणून हात दाबला, पण स्वतः मांडीवर घेऊन आमच्याकडे आणलेलं बदक काही ओळखलं नाही. तू पुडकं उघडशील तेव्हा नवल वाटल्यासारखं कर. आणि बुधवारी नक्की ये. बदक पिशवीतून गुपचूप घेऊन ये. (ते ज्यावर बसायचं ती तिवई आज सकाळी गेली, पण त्याचं बघू.)

ता. क. पुन्हा. रागावू नकोस, एक विचारतो. पंधरा वर्षं मी ते बदक पुसतोय. तुला तरी ते आवडतं का गं? नसेल आवडत तर पिशवी सरळ दुकानातच आण, शिंपी रोज डोकावून जातो. निम्मे तुझे. फक्त दाजींना इकडे फिरकू देऊ नकोस, ते पुन्हा घेतील.