पाव्हणा एकटाच आला

प्रिय शालू,

हसू नकोस. जिवंत होतीस तोवर तुला कधी प्रिय म्हटलं नाही, नावानंही क्वचितच हाक मारली. 'अवं, आयकलं का?' एवढ्यावर आपला संसार झाला. पण पत्रात 'अवं' कसं लिहू? आणि आज लिहायला बसलो, कारण गेल्या आठवड्यात भरवेली गावातल्या एका घरात मी पहिल्यांदा माझ्या तोंडानं म्हणालो की तू गेलीस.

हो, पहिल्यांदा! तुझ्या पुण्यानुमोदनाला अख्खा वॉर्ड जेवून गेला, त्यांना सांगायची वेळच आली नाही. कामाच्या घरांत मात्र मी सगळीकडे एकच सांगत फिरत होतो, 'तिची तब्येत बरी नाही, पुढच्या वेळी येईल.' रागावलीस ना? रागाव. मला कोणीतरी रागवायला हवंच आहे.

बाकीचे प्रॉपर्टी डीलर प्लॉट विकून मोकळे होतात. आपण दोघं मात्र कर्जाचे हप्ते थकलेल्यांच्या कामाला लागलो. बँकेच्या नीलामीत बोली लागायच्या आत घर चांगल्या माणसाला विकून द्यायचं, बँकेचं फेडून घरधन्याच्या हातात काहीतरी उरेल असं बघायचं, आणि शेजारीपाजारी बोभाटा होऊ द्यायचा नाही. त्यासाठी पाव्हणे होऊन जायची युक्ती तुझीच! हातात केळी, बिस्किटांचा पुडा, आणि कोणी विचारलंच तर 'पोरीले पाह्यले आलो.' मी बैठकीत कागदांचं बोलत बसायचो, तू सरळ स्वयंपाकघरात शिरायचीस. परत येताना गाडीवर मागून सांगायचीस, "त्याच्या बायकोले काहीच माहीत नाही. आधी तिले सांगा म्हणा त्याले, नाहीतर मी पुढं येत नाही." किती नवऱ्यांना तू असं बोलतं केलंस! मला तेव्हा वाटायचं, बाई उगाच वेळ घालवते.

आता एकटा जातो. पिकलेले केस, काखेत फाईल, दाराशी मोटरसायकल. लोकांना मी वसुलीवाला वाटतो गं! एका गल्लीत तर पोरं माझ्यापुढे ओरडत पळाली, "बँकवाला आया, बँकवाला आया!" धडाधड दारं लागली. पिंकी नागपूरहून रोज फोन करते, "बाबा, अब छोड़ दो ना ये काम. मेरे पास आ जाओ." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. भरवेलीचं घर झालं की दुकान बंद, असं मनाशी धरलं होतं.

हे घर देवीदासचं. घर गहाण ठेवून त्यानं लग्नात वाजवायचा डीजेचा सेट घेतला आणि तो वाहायला पिकअप. पुढे डीजेच्या आवाजावर कटकटी सुरू झाल्या, ऑर्डरी कमी झाल्या, हप्ते तुंबले. नीलामी तोंडावर आली तेव्हा तो माझ्याकडे आला. "काका, बायकोले सांगतलं नाही. तुम्ही पाव्हणे म्हणूनच या." तुझा नियम मला माहीत नव्हता का? तरी मी 'हौ' म्हणून बसलो.

त्याच्या बैठकीत माणसाएवढे स्पीकर उभे, त्यांवर फुलाफुलांची चादर. त्याची बायको विमल चहा घेऊन आली आणि माझ्या मागे दाराकडे बघायला लागली.

"पाव्हणे एकटेच आले? बाई कुठं हाय?"

"बिमार आहे."

"मंग त्याईले बरं वाटल्यावरच या. बाईमाणसानं पाह्यल्याबिगर मी पोरगी दाखवत नाही."

झालं! बैठकीच्या पलीकडे मला पाऊल टाकता येईना. घरच आतून पाहिलं नाही, तर गिऱ्हाइकाला काय सांगू? निमूट उठलो. तर तिनं हातात डबा दिला. "बिमार माणसाच्या तोंडाले चव नसते. कढी हाय अन् मऊ भात. त्याईले द्या."

शालू, तूच सांग, मी काय करायचं होतं? डबा घरी आणला, ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. कढीला लसणाची फोडणी होती. तू मेथीदाणे टाकायचीस. शेवटी जेवलो. रडत रडत सगळं जेवलो, तुझ्या वाटचं! डबा रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात साखर भरली.

गेल्या आठवड्यात तो परत घेऊन गेलो, तर ती दारातच हसून म्हणाली, "आवडलं का त्याईले? जेवल्या का जराशा?"

आता तिला काय 'हो, आवडलं' म्हणू?

"ती नाही," मी म्हणालो. "गेली ती. उन्हाळ्यातच गेली."

विमलनं माझ्या हातातला डबा घेतला. मग नवऱ्याकडे वळली. "बाई नाही, मंग हे पाव्हणे कायचे? कोण हाय हे?"

देवीदास स्पीकरवरची चादर सारखी करायला लागला. मीच म्हटलं, "भाऊ, सांगा त्यांना. नाहीतर मी पुढे येत नाही." तेव्हा त्यानं सांगितलं, खाली मान घालून, अर्धं गिळत.

ती रडली नाही. आधी त्याला झोडपलं, मग मला. "पोरीचं नाव करून आले तुम्ही? सारी कॉलनी मले विचारून राह्यली, स्थळ कसं हाय म्हणून! तुमच्या बाई असत्या त त्याईनं असं होऊ देलं असतं का?"

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पण एक विचारू? दुनियेतल्या नवऱ्यांना बायकोशी खरं बोलायला लावणारी तू, तुझ्या छातीतल्या गाठीचं मला कधी सांगितलंस? डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं तेव्हा कळलं! काहून गं? मी घाबरेन म्हणून? घाबरलोच असतो. पण सोबत घाबरलो असतो ना आपण!

असो. दुसऱ्याच दिवशी मी परसवाड्याच्या मास्तर नवरा-बायकोला घर दाखवायला नेलं. समोरच्या बाईनं तिच्या ओट्यावरून विचारलं, "पाव्हणे आले का वं?" विमल मोठ्यानं म्हणाली, "पाव्हणे नाही, घर घेणारे हायेत. विकून राह्यलो आमी." मग तिनं स्वतः सगळं घर फिरून दाखवलं, छत कुठं गळतं तेसुद्धा. मास्तरीणबाईंना तेच पटलं असावं. मास्तरांनी बयाणा म्हणून आगाऊ पैसे दिले, बँक नीलामी थांबवायला तयार झाली. उरणार थोडंच आहे, पण बालाघाटला पोरीच्या कॉलेजजवळ भाड्याच्या दोन खोल्या नक्की झाल्या. देवीदासशी ती अजून सरळ बोलत नाही, मधे पोरीला घालते.

काल बँकेच्या बाहेर विमलसाठी ऑटोची वाट बघत होतो, तर ती अचानक म्हणाली, "कशा होत्या तुमच्या बाई?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं, शालू. सगळे विचारतात, कशानं गेली, किती दिवस बिमार होती. मी सांगत सुटलो. तू चहात बिस्किट इतका वेळ बुडवायचीस की दर वेळी पडायचं, आणि मग चमच्यानं शोधत बसायचीस. कोणाच्याही घरी गेलीस की आधी भाजी निवडायला घ्यायचीस. ऑटो येऊन उभा राहिला तरी मी बोलतच होतो. विमलनं ऑटोवाल्याला थांबवून धरलं.

रात्री पिंकीला कळवलं, एवढ्यात येत नाही म्हणून. ती रागावली, पण शिकवलंय तूच तिला रागवायला!

उद्या गोंदिया रोडवरच्या एका घरी जायचं आहे. तिथल्या बाईशी कसं बोलेन, कोण जाणे. दारातच सांगीन की मी एकटा आलोय आणि घराच्या कामासाठी आलोय. हे माझं वचन. तू पुढच्या वेळी येशील, असं आता कोणाला सांगणार नाही. स्वतःलाही नाही, असं लिहिणार होतो. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

तुझाच,
अशोक