पायरीचे रंग

मंगळवार, ४ फेब्रुवारी
दुपारी एक वाजून दहा मिनिटे. कापयंत्र पुसून झाल्यावर, जेवणाच्या सुट्टीत.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डबा खाल्ला आहे आणि खोकला गेला आहे, म्हणजे हे दोन प्रश्न तू विचारू नकोस. आता मुख्य गोष्ट.

आमच्या प्रयोगशाळेत दगडाची चकती काचेवर चिकटवतात आणि ओल्या पुडीवर घासत केसाच्या निम्म्याएवढी पातळ करतात. मग तिच्यातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचं पोट दिसतं. माझं काम फक्त कापण्याचं. शेवटचं घासणं मिस्त्री करतात. पण काल सुट्टीत एक चकती मी स्वतः घासली.

प्रार्थनाघराची तडकलेली पायरी बदलली तेव्हा मी तिचा एक तुकडा खिशात टाकला होता, आठवतं? आई बसायची ती पायरी. तेवढा एकच तुकडा. चकती फुटेल या भीतीनं मी जरा लवकरच थांबलो. मग उजेड गाळणाऱ्या दोन काचांच्या मधे ती ठेवून पाहिलं. ताई, ज्या राखाडी दगडाला आपण चिखलाचे पाय पुसले, त्याच्या आत निळा, शेंदरी, मोरपिशी, पिवळा असे रंग आहेत. चकती फिरवली की ते विझतात आणि पुन्हा पेटतात. आई नुकतीच तिथून उठून आत गेली आहे असं वाटलं. हे वाक्य मी तीनदा खोडलं, पण याहून बरोबर वाक्य सापडलं नाही.

फोटो सोबत आहे. बाबांनी विचारलं तरच दाखव. आईच्या आजारपणात, चार लोकांसमोर, प्रार्थनेनं ताप उतरत नाही असं मी म्हणालो, त्याला दोन वर्षं झाली. प्रार्थनाघराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाला मुलानं तसं बोलायला नको होतं. तेव्हापासून त्यांनी माझं नाव टाकलं आहे, ते फोटोनं परत येईल असं मी समजत नाही.

मुलांना पापा. रागावत जा, पण लिहीत जा.
तुझा धाकटा


रविवार, ९ फेब्रुवारी

चि. मोजमापसाहेबांस,
अ. उ. आ.

‘विचारलं तरच’ हे तुझं कलम मी मोडलं. फोटो बाबांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवून दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला, आधी उलटा धरला, मग सुलटा. ही आईची पायरी आहे, आतून, असं मी सांगितलं. रात्री जेवताना एकदम म्हणाले की ज्यानं हे केलं त्यानं ते कुणी बघणार नाही अशा जागी करून ठेवलंय. दाखवायची हौस असती तर दगड वरूनच रंगवला असता. आणि मग म्हणाले की तुझ्या भावाला ते दिसलं. दोन वर्षांत ‘तुझा भाऊ’ हा शब्द पहिल्यांदा.

आता नीट वाच. गुरुवारी, २० तारखेला, ते तुझ्याकडे येताहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, तो पिकायच्या आत त्या नळीतून स्वतः पाहायचंय म्हणे. मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाले की बापलेकाच्या मधे एक काच पुरे. जन्मात एक विनोद केला, तोही मला वगळायला. इस्त्रीचा शर्ट घाल. आणि फार समजावत बसू नकोस. तुझं समजावणं म्हणजे पाढे म्हणणं.

फोटो त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात गेलाय. तो आता मला मिळत नाही.

इथून आम्ही सगळे तुझ्या बाजूला आहोत, हे विसरू नकोस.
ताई


बुधवार, १२ फेब्रुवारी
सकाळी साडेसात. अजून कुणी कामावर आलेलं नाही.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मिस्त्रींनी चकती पाहिली आणि हसले. म्हणाले की शिकाऊ हाताचा दगड नेहमीच रंगीत निघतो. त्या दगडात गारगोटीचे कण आहेत. ठरलेल्या जाडीला गारगोटी राखाडीच दिसायला हवी. रंग दिसले, म्हणजे चकती जाड राहिली आणि घासणारा घाबरून थांबला. इथे रंग ही चूक ओळखायची खूण आहे.

ज्यासाठी माझे डोळे भरून आले ती माझ्या भित्र्या हाताची चूक होती. आणि बाबा तीच पाहायला एवढा प्रवास करून येताहेत. जाड ठेवली तर मी त्यांना फसवतो. पुन्हा घासली तर रंग जातात, आणि दुसरा तुकडा नाही. प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांना विचारावं, तर नववीत शाळा सोडलेल्या माणसानं त्यांच्या दारात कुठलं तोंड घेऊन उभं राहायचं? तू सांग. लवकर सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
धाकटा


शनिवार, १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घासू नकोस. बाबा तिथे दगडाची परीक्षा घ्यायला येत नाहीत, तुझ्याकडे येताहेत. खरं बोलायची एवढी खाज असेल तर दाखवून झाल्यावर बोल. पण आधी दाखव. घासू नकोस. हे दोनदा लिहिलंय, तू मोजशीलच.
ताई


शुक्रवार, २१ फेब्रुवारी
सकाळी सहा वाजून पाच मिनिटे. रात्रभर जागा आहे.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. आत काय असेल ते ठाऊक होतं, म्हणून मी ते उघडलं नाही. बुधवारी दुपारी चकती घासली. या वेळी भीती वाटली नाही, मधे थांबलो नाही. मिस्त्रींनी पाहून पाठ थोपटली, म्हणाले की एका केसाचाही फरक नाही.

बाबा काल सकाळी अकराला आले. नवा कोट होता. मी स्टूल पुसून दिलं. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं की रंग दिसायला काय करावं लागतं, त्यांच्या डोळ्याचा दोष आहे का. मी सांगितलं की डोळ्याचा नाही, रंग म्हणजे माझी चूक होती, ती मी दुरुस्त केली. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

तेवढ्यात मोठे सर आले. बाबांनी पुस्तकातून फोटो काढून त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं की हे खोटं होतं का. सर फोटो बघत राहिले. मग म्हणाले की मुळीच नाही; प्रत्येक जाडीला प्रकाशाचा आपापला रंग असतो, तो नियमानं येतो आणि कधी चुकत नाही. राखाडीची जाडी माणसांनी आपल्या सोयीसाठी ठरवली. ते असंही म्हणाले की तीस वर्षं झाली तरी असे रंग दिसले की ते दोन मिनिटं काम थांबवतात, आणि त्या दोन मिनिटांना काय म्हणायचं ते त्यांना अजून कळलेलं नाही. बाबांनी मान हलवली, जणू ते नाव त्यांना माहीत आहे. त्या दोघांचं जमलं, ताई. मधे मी उभा होतो.

बाबा एवढंच म्हणाले की म्हणजे ते होते, आणि यानं घासून टाकले. डबा आणला होता तो उघडला नाही. दुपारच्या गाडीनं गेले. मी तिकिटाचे पैसे बळेच त्यांच्या कोटाच्या खिशात घातले.

तुझं पत्र काल संध्याकाळी उघडलं. दोनदाच लिहिलं आहेस. मोजलं.
धाकटा


बुधवार, २६ फेब्रुवारी

चिरंजीवास,

तुझ्या आईनं बावीस वर्षं बसून ती पायरी झिजवली नाही, तेवढी तू एका दुपारी झिजवलीस.

तिच्या तापाच्या वेळी तू खरं बोललास. ताप उतरला नाही, हे मलाही दिसत होतं. तेव्हाही तुला थांबता आलं असतं. भीतीनं का होईना, तू एकदा वेळेवर थांबलास आणि तुला ते दिसलं. नंतर तू धीट झालास.

फोटो आणि तू खिशात कोंबलेले पैसे परत पाठवत आहे. मोजून घे.
तुझे वडील


सोमवार, ३ मार्च
संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटे. पाकीट टेबलावर उलटं करून.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र पोचलं. पाकीट तीनदा झटकलं, कडेनं कापून आतून पाहिलं. त्यांना काही विचारू नकोस. प्रार्थनेचं पुस्तकही उघडून पाहू नकोस.

निघालं ते असं. पत्र, एक. तिकिटाचे अठ्ठेचाळीस, पुरे. फोटो नाही.

धाकटा